लहान चोऱ्या, लहान मासळी

तळहातावर ठेवले तर चार बोटांच्या पलीकडे न जाणारे पापलेट आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक मासळीबाजारांत दिसते. ते नगावर विकले जात नाही. दहा-बारा नग मिळून एक वाटा होतो. मोठा सरंगा परवडत नाही म्हणून गृहिणी तो वाटा घेते. सकाळी बंदरावर टोपलीत तेच पडले म्हणून कोळीण तो विकते. आणि जाळ्यात आले म्हणून नाखवा ते घेऊन येतो. या साखळीत कोणाच्याही मनाला काही टोचत नाही. पापनिवेदनापूर्वी आत्मपरीक्षण करण्यासाठी आपल्या प्रार्थनापुस्तकांत प्रश्नांची जी यादी छापलेली असते, तीत शेजाऱ्याच्या मालमत्तेविषयी प्रश्न असतात, वजनमापाविषयी असतात, मजुराच्या मजुरीविषयी असतात. समुद्राविषयी एकही प्रश्न माझ्या पाहण्यात नाही.

असा प्रश्न तेथे असावा काय, याचा विचार येथे करावयाचा आहे. समुद्रातून काही घेणे ही चोरी होऊ शकते काय? होत असेल, तर वस्तूचा धनी कोण, आणि घेतलेले परत करावयाचे ते कोणाला?

जुन्या परंपरेचे उत्तर अगदी सरळ आहे. इ. स. ५३३ साली सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याचे जे पाठ्यपुस्तक तयार झाले, त्यात वन्य पशू, पक्षी आणि मासे हे कोणाच्याच मालकीचे नसतात आणि जो पकडतो त्याचे ते होतात, असा नियम आहे. संत थॉमस अक्विनास चोरीची चर्चा करताना याच धर्तीवर म्हणतात की समुद्रकिनारी सापडणारी रत्ने व खडे कधीच कोणाच्या मालकीचे नव्हते, म्हणून ती उचलणारा चोर ठरत नाही. चोरी व्हावयास आधी कोणी धनी असावा लागतो. समुद्राला धनी नाही. सबब समुद्रात चोरी नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने यात खोट काढता येत नाही.

या तर्काला पुढे राजकारणाची जोड मिळाली आणि त्या राजकारणाशी आपल्या वसईचा दूरचा संबंध आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता आणि अरबी समुद्रात त्यांचा परवाना घेतल्याखेरीज व्यापारी जहाजांनी फिरू नये, असा त्यांचा दंडक होता. पूर्वेच्या समुद्रावरील हा हक्क खोडून काढण्यासाठी डच कंपनीच्या बाजूने ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाने १६०९ साली ‘मुक्त समुद्र’ या अर्थाच्या लॅटिन नावाचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. समुद्र वापराने संपत नाही, म्हणून तो कोणी अडवू नये, हा त्याचा मुख्य मुद्दा. गंमत अशी की, मासळी मात्र एका अर्थी संपू शकते, असे त्याने ओघात मान्य केले आहे. पुढच्या पिढ्यांनी त्याचा मुख्य मुद्दा उचलला आणि ही कबुली मागे टाकली. १८८३ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्योद्योग प्रदर्शनात टॉमस हक्सलीसारख्या थोर शास्त्रज्ञाने कॉड, हेरिंग, बांगडा आदी मोठ्या सागरी मासेमारीचे साठे न संपणारे आहेत, असे मत मांडले. त्या काळातील साधने पाहता त्याला तसे वाटले यात नवल नाही.

त्यानंतर एकशे नऊ वर्षांनी, २ जुलै १९९२ रोजी, कॅनडा सरकारने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉडची मासेमारी बंद केली. पाच शतके युरोपला पोसणारी ती मासळी जवळजवळ संपली होती. उपवासकाळात मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक देशांच्या ताटात जे खारवलेले ‘बाकल्याव’ असे, ते पुष्कळसे याच समुद्रातून येई, आणि पोर्तुगीजांच्या मार्गाने त्या नावाची ओळख आपल्याकडेही झाली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका दिवसात गेला. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झाली होती. ती उठावयास २०२४ साल उजाडले आणि तरीही साठा पूर्वीच्या बळावर आलेला नाही. जस्टिनियन, संत थॉमस आणि हक्सली या तिघांच्या विधानांखाली एकच गृहीत दडलेले होते: मी घेतले तरी दुसऱ्यासाठी उरतेच. ते गृहीत निखळले की वरचा तर्कही टिकत नाही. किनाऱ्यावर सापडलेले रत्न उचलणाऱ्याने कोणाचे काही घेतले नाही, हे आजही खरे आहे. पण रत्नाला पिले होत नसतात.

मग धनी कोण? ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत याचे उत्तर आहे. ते आपण जमिनीला लावतो, पाण्याला लावावयाचे मात्र राहून जाते. सृष्टीतील वस्तू सर्वांच्या उपयोगासाठी निर्माण झाल्या आहेत आणि खाजगी मालकी ही त्या उद्देशाच्या सेवेसाठीच आहे, हे तत्त्व संत थॉमस यांचेच. परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, अशी उपमा वापरली. गहाण म्हणजे काय, हे आपल्या कोळी बांधवांना कोणी समजावून सांगावयास नको. बोट आपली असते, नाव आपल्या पत्नीचे किंवा आपल्या संताचे असते, पण कागद सोसायटीत असतात. मासळीचेही तसेच आहे. ती जाळ्यात आली की माझी होते, पण तिच्यावर आधीचे एक देणे आहे: आज दुसऱ्या बंदरावर जाळे टाकणाऱ्याचे आणि वीस वर्षांनी टाकणाऱ्याचे. ‘कोणाचीच नाही’ आणि ‘सर्वांची आहे’ ही दोन विधाने ऐकावयास सारखी वाटतात. पहिल्यातून ओरबाडण्याचा परवाना निघतो, दुसऱ्यातून हिशेब द्यावा लागतो.

पण धनी केवळ माणसेच काय? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात एक गोष्ट आहे, जी आपण वाचतो आणि पुढे जातो. देवाने उच्चारलेला पहिला आशीर्वाद माणसाला मिळालेला नाही. तो पाचव्या दिवशी जलचरांना आणि पक्ष्यांना मिळाला: त्यांनी फलद्रूप व्हावे, वाढावे, समुद्राचे पाणी भरून टाकावे. माणसाला जवळजवळ त्याच शब्दांत आशीर्वाद मिळाला तो दुसऱ्या दिवशी, आणि भूचर प्राण्यांच्या वाट्याला तर तसा वेगळा आशीर्वाद आलेलाही दिसत नाही. माणसाला मिळालेली सत्ता ही आशीर्वादित झालेल्या गोष्टींवरील सत्ता आहे. ज्या मासळीने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नाहीत, ती मारली जाते तेव्हा मासळीच्या मरणाहून अधिक काहीतरी घडते; तिच्या वाढण्याविषयीचा तो जुना शब्द मध्येच तोडला जातो. मोठा सरंगा खाण्यात पाप नाही. पुनरुत्थित प्रभूने स्वतः किनाऱ्यावर विस्तवावर मासळी भाजली होती. योहानाने त्या प्रसंगी जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे आल्याचे सांगताना ते मोठे होते, हेही आवर्जून नोंदवले आहे! अनुवादाच्या पुस्तकातही पक्ष्याच्या घरट्याविषयी एक आज्ञा आहे: पिले घ्यावीत, पण आईला जाऊ द्यावे. फळ घ्यावे, फळ देणारे मूळ घेऊ नये, हा त्या आज्ञेचा मथितार्थ. मासळीच्या बाबतीत पिलू हेच उद्याचे मूळ असते, म्हणून येथे तीच आज्ञा उलट बाजूने लागू करावी लागते.

आता अडचणीचा भाग. नाखवा म्हणेल, मान्य. पण माझ्या एका जाळ्यातील दोन टोपल्यांनी समुद्र ओस पडतो काय? गृहिणी म्हणेल, माझ्या एका वाट्याने? दोघांचेही म्हणणे खरे आहे. नीतिशास्त्रात ज्याला क्षुल्लक वस्तू म्हणतात, तीच ही. आणि येथे सेमिनरीत आम्ही घोकलेले एक जुने प्रकरण माझ्या उपयोगी पडते. सतराव्या शतकात काही मवाळ नीतिशास्त्रज्ञांनी असे मत मांडले होते की माणसाने लहान लहान चोऱ्या करून कितीही मोठी रक्कम जमवली, तरी ती परत करण्याचे गंभीर बंधन त्याच्यावर नाही. कारण प्रत्येक चोरी लहानच होती. परमगुरू अकरावे इनोसेंट यांनी २ मार्च १६७९ रोजी अशी पासष्ट मते त्याज्य ठरवली, त्यांत हे एक होते. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडातून वीतभर तुकडा काढून ठेवणारा शिंपी आणि प्रत्येक मापात मूठभर कमी घालणारा वाणी यांना ख्रिस्तसभेने सांगितले की तुमच्या चोऱ्यांची बेरीज होते.

तेथे चोर एक होता आणि चोऱ्या अनेक. समुद्रावर चोर अनेक आहेत आणि प्रत्येकाची चोरी, म्हणावे तर, एकेक. याचाही विचार जुन्या पुस्तकांत आहे. रस्त्याकडेच्या द्राक्षमळ्यातून येणारा-जाणारा प्रत्येक जण एकेक घड तोडतो आणि संध्याकाळी मळा रिकामा होतो, दोष कोणाचा? एकमेकांची वार्ता नसेल, तर प्रत्येकाचा दोष लहान. संगनमत असेल, तर प्रत्येकावर पूर्ण नुकसानीचा भार, असा साधारण निवाडा दिला जाई. आपण कोणत्या गटात बसतो? आम्ही संगनमत केलेले नाही. पण एकमेकांची वार्ता नाही, असेही आता कोणी म्हणू शकत नाही. बंदरावर रोज सकाळी सर्वांच्या टोपल्या शेजारी-शेजारी मांडल्या जातात. शेजाऱ्याने काय आणले, हे पाहूनच उद्याचे जाळे टाकले जाते. ठरवून केलेला कट आणि अज्ञान यांच्यामधली ही तिसरी अवस्था आहे, आणि आपल्या काळातील बहुतेक मोठी नुकसाने याच अवस्थेत होतात, असे मला वाटते. सामाजिक पाप हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो; त्याचे नेमके उदाहरण द्यावयाचे झाल्यास मी मासळीबाजाराकडे बोट दाखवीन.

“फादर, आम्ही सोडली तर मागची बोट उचलील.” हे वाक्य आपल्या सर्व बंदरांवर ऐकू येते आणि त्याला उडवून लावता येत नाही. त्याहूनही कठीण असे एक सत्य आहे, जे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाच ठाऊक असते: लहान पापलेट सोडावयाचे म्हटले तरी सोडता येत नाही. जाळे वर येईपर्यंत ते बहुधा मेलेले असते. मेलेली मासळी समुद्रात फेकून देणे हा पुण्यसंचय नव्हे, ती अन्नाची नासाडी आहे. डोल जाळे प्रवाहात तोंड उघडून उभे राहते आणि प्रवाह आणील ते आत घेते. बोंबील आणि जवळा हवा असेल, तर त्याचा शेवटचा भाग बारीक आसांचाच ठेवावा लागतो, आणि त्याच बारीक आसांत पापलेटाची, घोळीची पिलेही अडकतात. आपल्या कित्येक कोळी घरांचा संसार या जाळ्यावर उभा आहे. तेव्हा पर्ससीन आणि प्रखर एलईडी दिव्यांच्या मासेमारीला दोष देऊन आपण मोकळे होतो, तेवढे हे प्रकरण सोपे नाही. त्या दोषात तथ्य पुष्कळ आहे. राज्य शासनाने २०१६ साली पर्ससीनवर कडक निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली, आणि दोन्हींचे उल्लंघन होत असल्याच्या तक्रारी आजही थांबलेल्या नाहीत. पण पारंपरिक हा शब्द पवित्र आहे म्हणून पारंपरिक जाळ्याचे आस मोठे होत नाहीत.

नीतिशास्त्राला येथे आपला प्रश्न थोडा मागे न्यावा लागतो. मासळी जाळ्यात आल्यावर काय करावे, हे विचारावयाची वेळ तेव्हा निघून गेलेली असते. निवड त्याआधी झालेली असते: ज्या दिवशी जाळे विकत घेतले आणि आस किती मिलिमीटरचा हवा ते सांगितले, त्या दिवशी, ज्या दिवशी कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात जावयाचे ते ठरले, त्या दिवशी. गृहिणीचेही तसेच. वाट्यातले पापलेट तिने नाकारल्याने जिवंत होणार नाही. पण तिची मागणी पुढच्या जाळ्याचा आस ठरवते. आणि जी लहान मासळी बाजारात विकण्याच्या लायकीचीही नसते, ती मासळीची पूड करणाऱ्या कारखान्यांकडे जाते, तेथून कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात. म्हणजे मासळी न खाणाराही या हिशेबातून सुटत नाही. राज्य शासनाने २०२३ च्या सप्टेंबरात पापलेटाला राज्य मासा म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. पापलेटाचे १३५ मिलिमीटर आहे. नियम चांगला आहे. पण तो पकडलेल्या माशाला पट्टी लावतो; विवेकाने पट्टी लावावयाची ती जाळ्याला.

जे जिवंत सोडता येतात, अशा प्राण्यांच्या बाबतीत आपल्या किनाऱ्याचा अनुभव आशा वाटावी असा आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा एके काळी शेकड्यांनी मारला जाई. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना पाणी लागू नये म्हणून चोपडत आणि पुढे त्याचे मांस परदेशी जाऊ लागले. २००१ साली कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. पण कायदा समुद्रात बोटीवर नसतो. २००४ पासून तेथे जी मोहीम झाली, तीत कथाकार मोरारीबापू यांनी मच्छीमारांना सांगितले की, हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. घरी आलेल्या लेकीला कोण मारील? तेव्हापासून व्हेरावळच्या आसपासच्या मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले आहेत. धर्मोपदेशकाच्या एका उपमेने जे साधले, ते दंडाच्या रकमेने साधले नसते. आपल्या प्रवचनपीठांनी याची नोंद घ्यावी. दुसऱ्याच्या धर्मपरंपरेतून आलेला चांगला शब्द ऐकल्याने आपला विश्वास उणा होत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर तर अंडी विकणारे आणि खाणारे गाव राखणदार झाले. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ साली तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे पिलांना समुद्रात जाताना पाहावयास लोक येऊ लागले, घरोघरी पाहुण्यांची सोय झाली आणि कासव गावाच्या उत्पन्नाचे साधन बनले. कोणी म्हणेल, यात नीती कसली, हा तर फायदा. असू दे. चांगल्या कृत्याला भाकरी मिळते यात आक्षेपार्ह असे मला काही दिसत नाही. मालकीच्या प्रश्नाबाबत मात्र कासवांनी आपल्याला अधिकच अडचणीत टाकले आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. द्वीपकल्पाला वळसा घालून आलेली ही कासवीण ओडिशाची म्हणावी की कोकणची? तिची अंडी ही कोणत्या ग्रामपंचायतीची मालमत्ता?

चोरीच्या विचारात शेवटी परतफेडीचा विचार येतोच. पश्चात्ताप केला आणि माल घरात ठेवला, हे चालत नाही. समुद्राची परतफेड कशाने करावी? पैसे त्याच्या उपयोगाचे नाहीत. त्याला परत देता येण्याजोगी एकच गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे वेळ. आपल्या पूर्वजांनी ती दिलेली होती. पावसाळा लागला की होड्या वर ओढावयाच्या आणि नारळी पौर्णिमेशिवाय पाण्यात लोटावयाच्या नाहीत, हा दंडक हिंदू कोळ्यांप्रमाणे ख्रिस्ती कोळ्यांनीही पाळला. वादळाचे भय हे त्याचे एक कारण होते हे खरे, पण त्या अवधीत समुद्राला उसंत मिळे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला शब्बाथ द्यावयास सांगितले आहे. आपला शब्बाथ दरवर्षी येई आणि समुद्राला मिळे. आज सरकारी आदेशाने १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते. ती नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवावी, अशी मागणी काही मच्छीमारांकडूनच होत आली आहे. मागणाऱ्यांच्या पोटाला चिमटा बसणार हे ठाऊक असूनही ती केली जाते, ही गोष्ट मला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोलाची वाटते.

मात्र चिमटा कोणाला किती बसतो, हे पाहणे न्यायाचे काम आहे. नाखव्याला बंदीचे दोन महिने जड जातात. खलाशाला ते उपाशी ठेवतात. तो डहाणू-जव्हारकडचा आदिवासी असो वा परप्रांतातला, त्याच्या हाती त्या काळात उचल म्हणून घेतलेले कर्ज असते. टोपलीवाल्या बहिणीची अवस्था वेगळी नाही. समुद्र सर्वांचा आहे, तर त्याच्या विश्रांतीचा खर्चही सर्वांनी वाटून घ्यावयास हवा. तो सर्वांत गरीब माणसाच्या माथी मारून आपण निसर्गप्रेमी ठरू शकत नाही. या दृष्टीने २०१८ च्या डिसेंबरात राज्याने सुरू केलेली एक योजना मला तत्त्वतः फार योग्य वाटते. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले, तर छायाचित्राचा अथवा चित्रफितीचा पुरावा पाहून मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. यात परतफेडीचा ओघ उलटा होतो: ज्याने समुद्राला त्याचे परत दिले, त्याला समाज त्याचे परत देतो. मोठ्या आसांचे जाळे घेणाऱ्याला पहिल्या दोन-तीन हंगामांत तूट सोसावी लागते. तीही अशीच समाजाने का भरून देऊ नये?

आणि आता तो प्रश्न, जो कोळी बांधव मला विचारतील आणि ज्याला टाळून हा लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. लहान चोऱ्यांचा हिशेब आमच्याकडे मागता, मोठीचे काय? पापलेटासाठी १३५ मिलिमीटरची मर्यादा ठरली २०२३ साली. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पालघर जिल्ह्यातील वाढवण येथील बंदराला मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरावाने बुजवावयाचा आहे. सातपाटी, डहाणू, झाईपर्यंतच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे याला विरोध केला, कारण पापलेट, घोळ, बोंबील यांच्या वाढीचे हे पाणी आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. एका हाताने माशाला पट्टी लावावयाची आणि दुसऱ्या हाताने त्याचे घर भरून काढावयाचे, यातील विसंगती समजावयास ईशज्ञान लागत नाही. शहरांचे सांडपाणी रोज खाड्यांतून कोणत्या अवस्थेत समुद्रात जाते, हेही सर्वांना दिसते. बंदराने देशाचा व्यापार वाढेल, नोकऱ्या येतील, हा युक्तिवाद मी क्षुल्लक मानत नाही. पण त्या व्यापाराची किंमत कोणाच्या ताटातून वळती होणार, हे त्या माणसाला समोर बसवून विचारले पाहिजे. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे ऐकू नयेत, असे सुचवले, ते वाढवणच्या खडकावर उभे राहिले की कळते.

तरीही मोठी चोरी होते म्हणून लहान चोरी माफ होत नाही. निदान १६७९ साली तरी झाली नाही. उलट मला असे दिसते की, भरावाला विरोध करणाऱ्याच्या शब्दाला वजन येते ते त्याच्या टोपलीतून. ‘हे आमच्या मासळीचे पाळणाघर आहे’ असे जो सरकारला सांगतो, त्याच्याच बाजारात पाळण्यातली मासळी वाट्याने विकली जात असेल, तर पलीकडचा वकील ते छायाचित्र काढून ठेवील.

जून-जुलैत होड्या वर असतात. जेट्टीवर आणि घरांच्या पडव्यांत जाळी पसरलेली असतात, फाटलेले आस विणले जातात, नवीन जाळ्यांची मागणी नोंदवली जाते आणि सोसायट्यांच्या सभाही याच दिवसांत होतात. नौका-आशीर्वादाला धर्मगुरू नंतर जातात. जाळ्यांची मागणी तोवर गेलेली असते. तेव्हा आमच्या धर्मग्रामातील कोळी बांधवांपुढे आणि टोपलीवाल्या भगिनींपुढे मी एवढेच सुचवले आहे की, यंदाच्या सभेत डिझेलच्या परताव्यानंतर आणि बर्फाच्या दरापूर्वी एक विषय आसांच्या मापाचा ठेवावा, आणि त्या सभेला भगिनींनाही बोलावणे असावे. वाटा मांडावयाचा की नाही, हे शेवटी त्याच ठरवतात.